यंत्रगणिताचा द्रष्टा : चार्ल्स बॅबेज

आज शाळेत, बँकेत, रेल्वेच्या तिकीटघरात, रुग्णालयात, किंबहुना घरातल्या वडीलमंडळींच्या खिशातही संगणक येऊन बसला आहे. त्याला हिशेब घातला, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर हजर होते. परंतु सुमारे दोनशे वर्षांपूर्वी संगणक दोन पायांवर चालत असे, त्याला दुपारी भूक लागे, अधूनमधून डुलकी येई आणि दिवस मावळला की तो आपल्या घरी निघून जाई! ही थट्टा नव्हे. त्या काळी इंग्लंडात आकडेमोड करून पोट भरणाऱ्या माणसालाच कम्प्युटर म्हणत असत. हे कंटाळवाणे काम माणसाऐवजी यंत्राने करावे, आणि तेही एकही चूक न करता करावे, असे स्वप्न एका माणसाने पाहिले. त्या स्वप्नापायी त्याने आपले आयुष्य आणि बरेचसे द्रव्य वेचले. त्या चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाची ही कथा आहे.

चार्ल्सचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील सराफी पेढीचे भागीदार असल्यामुळे घरी कशाची वाण नव्हती. परंतु मुलाची प्रकृती मात्र नाजूक होती. एकदा तर तापाने तो अगदी आजारी पडला, तेव्हा हवापालटासाठी आणि फारसा अभ्यास न करता शिकण्यासाठी त्याला खेड्यातील एका शाळेत धाडण्यात आले. पण ज्याच्या डोक्यात प्रश्नांचे मोहोळ उठलेले असते, त्याला स्वस्थ बसणे कसे जमावे? नवे खेळणे हाती आले, की याच्या आत काय आहे, असे तो आईला विचारी. उत्तराने समाधान झाले नाही, तर तो ते खेळणे फोडून आतली रचना आपल्या डोळ्यांनी पाही. या सवयीमुळे किती खेळणी प्राणास मुकली असतील, याची गणती कोणी ठेवली नाही!

एके दिवशी आई त्याला लंडनमध्ये मर्लिन नावाच्या कुशल कारागिराचे यंत्रप्रदर्शन पाहावयास घेऊन गेली. मुलाचे कुतूहल पाहून मर्लिन प्रसन्न झाला आणि त्याने त्या मायलेकरांना माडीवरील आपल्या कार्यशाळेत नेले. तेथे चांदीच्या दोन बाहुल्या होत्या. त्यांची उंची जेमतेम वीतभर किंवा थोडी अधिक असेल. एक बाहुली ऐटीने चालत असे. दुसरी नर्तकी होती, आणि तिच्या बोटावर बसलेला पक्षी शेपटी हलवून चोच उघडीत असे. चार्ल्स देहभान विसरून त्या नर्तकीकडे पाहत राहिला. पुढे अनेक वर्षांनी, मर्लिन निवर्तल्यानंतर, तीच नर्तकी मोडक्यातोडक्या अवस्थेत लिलावात विक्रीस आली. तेव्हा बॅबेज यांनी ती विकत घेतली, आपल्या हातांनी दुरुस्त केली, तिला नवी वस्त्रे नेसवली आणि आपल्या दिवाणखान्यात मानाने ठेवली. लहानपणीचे प्रेम असे चिवट असते.

चार्ल्सचे सारेच प्रयोग यशस्वी होत असत असे मात्र नाही. पाण्यावरून चालत जाता येईल काय, हा प्रश्न एकदा त्याच्या मनात आला. त्याने बिजागऱ्यांनी जोडलेल्या फळ्या तयार केल्या. पाय उचलला की त्या मिटाव्यात आणि पाय टेकला की उघडाव्यात, अशी ती योजना होती. त्या पायांना बांधून तो डार्ट नदीत उतरला. काही क्षण तो तरंगलाही. परंतु फळ्यांनी दगा दिला, तोल गेला आणि तो बुडता बुडता वाचला. यंत्र कागदावर चालणे निराळे आणि प्रत्यक्षात चालणे निराळे, हा धडा नदीने त्याला बालपणीच शिकवला होता. पुढे आयुष्यभर त्याला त्याच धड्याची उजळणी करावी लागली.

एन्फील्ड येथील शाळेत असताना त्याला गणिताची गोडी लागली. शाळेच्या ग्रंथालयातील गणिताचे पुस्तक वाचण्यासाठी दिवस पुरेना, म्हणून तो एका मित्रासह पहाटे तीन वाजता उठे, वर्गात गुपचूप शेकोटी पेटवी आणि उजाडेपर्यंत अभ्यास करी. खोड्या करण्यासाठी चोरून जागणारी मुले पुष्कळ असतात. अभ्यासासाठी चोरून जागणारा मुलगा विरळा! पुढे ही बातमी इतर मुलांना कळली. तीही पहाटे येऊ लागली. मग अभ्यास मागे पडला, खेळ सुरू झाले, एकदा शोभेची दारूही उडाली आणि साहजिकच सारे गुपित गुरुजींच्या कानी गेले.

सन १८१० मध्ये चार्ल्स बॅबेज केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. आपल्या शंकांचे निरसन येथे तरी होईल, अशी त्यांना आशा होती. परंतु घरी बसून त्यांनी एवढे वाचन केले होते, की त्यांच्या प्रश्नांना अध्यापकही दाद देईनात. हे परीक्षेत येणार नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नये, असा सल्ला मात्र मिळाला. त्या काळी केंब्रिजमध्ये कलनशास्त्र न्यूटनच्या पद्धतीने, अक्षरांच्या डोक्यावर टिंबे देऊन, लिहीत असत. युरोपात लायब्निट्झची डी हे अक्षर वापरण्याची पद्धत रूढ झाली होती आणि ती अधिक सोयीची होती. न्यूटन आपला म्हणून टिंबे धरून बसणे बॅबेज यांना पटले नाही. जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक आदी मित्रांसह त्यांनी १८१२ मध्ये एक मंडळ स्थापन केले, ग्रंथ लिहिले, आणि काही वर्षांत केंब्रिजची टिंबे पुसली जाऊन नवी पद्धत प्रचारात आली. सन १८१४ मध्ये ते पदवीधर झाले. त्याच वर्षी जॉर्जियाना व्हिटमोर हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८१६ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतच, त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

आता आपण या कथेच्या मुख्य प्रसंगाकडे वळू. त्या काळी समुद्रात जहाजाचे स्थान ठरविण्यासाठी खलाशी सूर्य, चंद्र व तारे यांचे वेध घेत आणि छापील कोष्टकांच्या साहाय्याने हिशेब करीत. बँका, विमा कंपन्या, स्थापत्यविशारद, खगोलशास्त्रज्ञ या सर्वांनाच अशी कोष्टके लागत. ही कोष्टके माणसे हातांनी तयार करीत. एक जण हिशेब करी, दुसरा त्याची नक्कल करी, तिसरा मुद्रणालयात खिळे जुळवी. या प्रत्येक टप्प्यावर चुका होत. चुकांची दुरुस्तिपत्रे निघत आणि त्या दुरुस्तिपत्रांतही चुका सापडत! मात्र ही विनोदाची बाब नव्हती. कोष्टकातील एक अंक चुकला, तर भर समुद्रात जहाज खडकावर जाण्याची भीती असे आणि शेकडो माणसांचे प्राण संकटात पडत.

सन १८२१ मध्ये बॅबेज आणि हर्शेल हे दोघे मित्र अशीच खगोलशास्त्रीय कोष्टके ताडून पाहत बसले होते. चुकांमागून चुका निघू लागल्या. वैतागलेल्या बॅबेज यांच्या तोंडून सहज उद्गार निघाला, की हे हिशेब वाफेच्या शक्तीने झाले असते तर किती बरे झाले असते. हर्शेल यांनीही ते शक्य आहे असे सुचविले. कंटाळ्यातून निघालेला तो उद्गार बॅबेज यांच्या मनात घर करून बसला.

यापूर्वी ते दोघे पॅरिसला जाऊन आले होते. फ्रान्समध्ये द प्रोनी या अभियंत्याने कोष्टके करण्याची एक नामी युक्ती योजली होती. थोडे गणिती सूत्रे ठरवीत, आणखी थोडे जण ती सूत्रे सोप्या पायऱ्यांत मांडून देत, आणि साठ-ऐंशी माणसे केवळ बेरजा व वजाबाक्या करीत. या शेवटच्या मंडळींत, राज्यक्रांतीमुळे धंदा बुडालेले केशभूषाकार बरेच होते, असे सांगतात. सरदार-दरकदार उरले नाहीत, त्यामुळे त्यांचे केस सजविणारे हात आकडे मांडू लागले. अवघड काम सोप्या तुकड्यांत विभागले, तर गणित न जाणणाराही ते बिनचूक करू शकतो, ही गोष्ट बॅबेज यांच्या ध्यानात आली. मग जेथे गणित न जाणणारा माणूस चालतो, तेथे पितळेचे चक्र का चालू नये?

ही युक्ती तुम्हांलाही कागदावर करून पाहता येईल. १, २, ३, ४, ५ या अंकांचे वर्ग लिहा. ते १, ४, ९, १६, २५ असे येतात. आता शेजारच्या दोन संख्यांतील फरक काढा. ते ३, ५, ७, ९ असे आहेत. या फरकांमधील फरक काढले, तर ते सर्व २ च येतात. आता पुढचा वर्ग काढण्यासाठी गुणाकाराची आवश्यकता उरली नाही. ९ मध्ये २ मिळवले की ११ झाले. २५ मध्ये ११ मिळवले की ३६ झाले. सहाचा वर्ग मिळाला! याच रीतीने केवळ बेरजा करीत हवे तितके पुढे जाता येते. दात असलेल्या चक्रांवर ० ते ९ हे अंक कोरले, एका चक्राची फेरी पूर्ण होताच शेजारचे चक्र एका घराने पुढे सरकेल अशी जोडणी केली, तर मूठ फिरवताच यंत्र बेरजा करीत राहील. बॅबेज यांनी या यंत्राला डिफरन्स इंजिन, म्हणजे फरकयंत्र, असे नाव दिले. उत्तरे यंत्रानेच छापावीत, असाही त्यांचा आग्रह होता. कारण नक्कल करणाऱ्या माणसाचा हात मध्ये आला, की चूक आलीच.

१८२२ मध्ये त्यांनी एक लहानसा नमुना तयार करून विद्वानांपुढे मांडला. खगोलशास्त्रीय संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. मोठे यंत्र बांधण्यासाठी १८२३ मध्ये सरकारने १,५०० पौंडांचे साहाय्य मंजूर केले. जोसेफ क्लेमेंट नावाचा निष्णात कारागीर या कामी नेमण्यात आला. यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते, आणि सारखे भाग हुबेहूब सारखे घडवावयाचे होते. तशी हत्यारेच त्या काळी उपलब्ध नव्हती. म्हणून यंत्र बांधण्याआधी यंत्राचे भाग घडविणारी हत्यारे घडवावी लागली. दोन-तीन वर्षांत पुरे होईल असे वाटलेले काम दहा वर्षे चालले तरी संपेना. मात्र ही मेहनत सर्वस्वी वाया गेली नाही. क्लेमेंटच्या कार्यशाळेत शिकून तयार झालेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी पुढे स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवून दिले आणि साऱ्या यंत्रउद्योगाचे काम सुलभ केले.

सन १८२७ हे वर्ष बॅबेज यांच्या आयुष्यातील अत्यंत दुःखाचे वर्ष ठरले. एकाच वर्षात त्यांचे वडील, त्यांची पत्नी जॉर्जियाना आणि त्यांची दोन मुले मृत्यूने हिरावून नेली. ज्या माणसाने जगातील चुका दुरुस्त करण्याचा विडा उचलला होता, त्याला या आघातापुढे मान तुकवावी लागली. प्रकृती ढासळली. मित्रांच्या सांगण्यावरून ते युरोपच्या प्रवासास निघाले. या प्रवासात रोम येथे असताना त्यांना एक वार्ता समजली : न्यूटन ज्या आसनावर विराजमान झाले होते, त्या केंब्रिजच्या गणिताच्या प्राध्यापकपदी आपली नेमणूक झाली आहे. हा मान त्यांनी १८३९ पर्यंत भूषविला. परंतु त्यांचे चित्त सदैव यंत्रापाशीच गुंतलेले असल्यामुळे वर्गात व्याख्यान देण्यास त्यांना कधी सवड झाली नाही!

१८३२ मध्ये यंत्राचा सुमारे एकसप्तमांश भाग जुळवून तयार झाला. तो अचूक चालत असे. बॅबेज यांनी तो आपल्या डॉर्सेट स्ट्रीटवरील घरी ठेवला. दर शनिवारी सायंकाळी त्यांच्या घरी पाहुण्यांची गर्दी होत असे. शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन, कादंबरीकार चार्ल्स डिकन्स, सेनापती वेलिंग्टन यांच्यासारखी मंडळी तेथे येत. मात्र एका गोष्टीचे बॅबेज यांना वैषम्य वाटे. एका दालनात ती चांदीची नर्तकी होती आणि शेजारच्या दालनात गणिती यंत्र होते. नर्तकीभोवती ही झुंबड उडे. यंत्रापाशी मात्र एखाददुसरा परदेशी पाहुणाच काय तो उभा असे.

आणखी एका गमतीदार प्रसंगाचे वर्णन त्यांनी आपल्या आत्मचरित्रात करून ठेवले आहे. यंत्रात चुकीचे आकडे घातले, तर उत्तर बरोबर येईल काय, असा प्रश्न त्यांना एकदा नव्हे, दोनदा विचारण्यात आला. विचारणारे कोणी अडाणी नव्हते. त्यांपैकी एक ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते आणि दुसरे कनिष्ठ सभागृहाचे. असा प्रश्न मनात येण्यासाठी विचारांचा किती गोंधळ व्हावा लागत असेल, याचे बॅबेज यांना नवल वाटले. आपण हसतो खरे. परंतु आजही संगणकात भलतीच माहिती भरून उत्तर चुकले म्हणून त्याच्यावर रागावणारे पुष्कळ आढळतात. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? यंत्र कितीही हुशार असो, त्याला खरी माहिती देण्याची जबाबदारी माणसाचीच असते.

इकडे क्लेमेंट आणि बॅबेज यांचे बिनसत चालले होते. कार्यशाळा बॅबेज यांच्या घराजवळ हलवावी, असे ठरले. त्यासाठी अग्निरोधक इमारतही बांधली गेली. परंतु स्थलांतराच्या खर्चावरून वाद झाला. अखेर १८३३ मध्ये क्लेमेंटने काम थांबवले आणि कामगारांना निरोप दिला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हत्यारे कारागिराच्या मालकीची असत. त्यामुळे सरकारी खर्चाने घडलेली ती नामांकित हत्यारेही त्याच्याकडेच राहिली.

दुसरा कोणी असता तर या वादामुळे खचून गेला असता. बॅबेज यांना मात्र याच सुमारास, १८३४ मध्ये, त्याहून विलक्षण कल्पना सुचली. फरकयंत्र एकाच प्रकारचे काम करू शकत होते. नवे यंत्र सांगाल ते गणित करणार होते. त्याला त्यांनी अ‍ॅनालिटिकल इंजिन, म्हणजे विश्लेषक यंत्र, असे नाव दिले. त्याचे दोन मुख्य भाग होते. जेथे संख्या साठवून ठेवावयाच्या त्याला त्यांनी कोठार म्हटले आणि जेथे त्या संख्यांवर प्रत्यक्ष क्रिया व्हावयाची त्याला गिरणी म्हटले. कापडाच्या गिरणीत जसे कोठारातून सूत येते आणि कापड होऊन परत जाते, तशीच ही योजना होती. आजच्या संगणकातही माहिती साठविणारा भाग निराळा आणि गणित करणारा भाग निराळा असतो.

यंत्राला आज्ञा कशी द्यावयाची, याचे उत्तर त्यांना विणकरांच्या मागावर सापडले. जाकार या फ्रेंच कारागिराने असा माग तयार केला होता, की भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यावरून सरकली म्हणजे त्या भोकांबरहुकूम धागे उचलले जात आणि कापडावर नक्षी उमटे. आपल्याकडे येवल्यातही पुठ्ठ्यांच्या माळा लावलेले असे माग पाहावयास मिळतात. बॅबेज यांच्याकडे जाकारचे रेशमात विणलेले एक चित्र होते. ते विणण्यास सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते, आणि प्रथमदर्शनी ते छापलेलेच वाटे. माग जर पुठ्ठे वाचून फुले विणतो, तर यंत्र पुठ्ठे वाचून गणित का विणणार नाही, असे बॅबेज यांच्या मनात आले. पुठ्ठे बदलले की काम बदलेल; यंत्र तेच राहील. संगणकाला दिल्या जाणाऱ्या आज्ञावलीची कल्पना ती हीच होय.

या यंत्रात त्यांनी आणखी एक गंमत योजली होती. हिशेब करताना यंत्राला कोष्टकातील एखादी संख्या हवी असली, तर ते घंटा वाजवून सेवकाकडे तिचा पुठ्ठा मागणार होते. सेवकाने चुकीचा पुठ्ठा दिला, तर यंत्र काम थांबवून आणखी मोठ्याने घंटा वाजवणार होते आणि संख्या चुकल्याची पाटी दाखवणार होते. संगणक आपल्याला चूक दाखवून अडून बसतो, तेव्हा आपण चिडतो. परंतु त्याचा हा स्वभाव जन्मापूर्वीचा आहे!

या यंत्राचे मर्म फार थोड्यांना कळले. त्यांत एक तरुणी होती. तिचे नाव एडा लव्हलेस. कवी बायरन यांची ही कन्या. आईने तिला हेतुपुरस्सर गणिताचे शिक्षण दिले होते. १८३३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, तिची बॅबेज यांच्याशी ओळख झाली आणि तिने फरकयंत्र पाहिले. १८४० मध्ये बॅबेज यांनी इटलीतील तुरीन येथे नव्या यंत्राविषयी विवेचन केले. ते ऐकून मेनाब्रेआ या अभियंत्याने फ्रेंच भाषेत एक लेख लिहिला. हेच गृहस्थ पुढे इटलीचे पंतप्रधान झाले. एडाने त्या लेखाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला स्वतःची टिपणे जोडली. ती टिपणे मूळ लेखाच्या तिप्पट मोठी झाली. १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या टिपणांत, एक अवघड गणित यंत्राने पायरीपायरीने कसे सोडवावे याचा तक्ता आहे. अनेक जण त्याला संगणकासाठी प्रसिद्ध झालेली पहिली आज्ञावली मानतात. यंत्र स्वतः काही नवे निर्माण करीत नाही, आपण जे सांगू शकतो तेच ते करते, हे तिने स्पष्ट सांगितले. स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बसवता आले, तर यंत्र संगीतरचनाही करील, असेही तिने सुचविले. एडा अवघी छत्तीस वर्षे जगली. १८५२ मध्ये तिचे निधन झाले.

सरकारचा धीर मात्र आता सुटत चालला होता. वीस वर्षांत १७,००० पौंडांहून अधिक रक्कम खर्च झाली होती. त्या पैशात रेल्वेची वीसएक नवी इंजिने सहज विकत घेता आली असती. पहिले यंत्र अपुरे असतानाच दुसऱ्याचे गुणगान ऐकून मंत्रिमंडळ बुचकळ्यात पडले. एक ना धड भाराभर चिंध्या, असे कोणाला वाटले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी साहाय्य कायमचे बंद केले. बॅबेज त्यांना जाऊन भेटले. परंतु शांतपणे आपली बाजू पटवून देण्याऐवजी त्यांनी आपल्यावरील अन्यायाचाच पाढा वाचला, आणि भेट निष्फळ झाली. ज्यांना यंत्राचे मन वळवता येत होते, त्यांना माणसांचे मन वळवता आले नाही, हे त्यांच्या आयुष्यातील मोठे वैगुण्य होय.

तरीही त्यांची जिज्ञासा स्वस्थ बसली नाही. कारखाने कसे चालतात हे गावोगाव हिंडून पाहून त्यांनी १८३२ मध्ये एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. रुळांवर आडवी आलेली जनावरे बाजूला सारणारी जाळी त्यांनी आगगाडीच्या इंजिनासाठी सुचविली. दीपगृहांचे दिवे ठरावीक रीतीने उघडझाप करून खलाशांना आपली ओळख पटवून देतील, अशीही योजना त्यांनी मांडली. मोजण्याचा छंद तर एवढा, की कारखान्याच्या फुटलेल्या ४६४ काचा कशाकशाने फुटल्या, याचे कोष्टकच त्यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केले!

याच छंदापायी एक युद्ध त्यांनी ओढवून घेतले. रस्त्यावर पेटी वाजवीत फिरणाऱ्या वादकांमुळे त्यांच्या विचारांत व्यत्यय येई. त्यांनी अशा १६५ उपद्रवांची नोंद केली, पत्रके काढली, पोलिसांना बोलावले. १८६४ मध्ये अशा वादकांविरुद्ध कायदा झाला, त्यालाही त्यांच्या खटपटीचा हातभार लागला. परंतु शेजारपाजारचे लोक चिडले. म्हाताऱ्याला सतावण्यासाठी वादक मुद्दाम त्यांच्या दारात येऊन तासन्‌तास वाद्ये बडवू लागले आणि टवाळ पोरे त्यांच्या मागे फिरू लागली. गणित सोपे होते. शेजारी अवघड होते. यंत्र संगीत रचील असे एडाने म्हटले होते. तसे यंत्र रस्त्यावर आले असते, तर बॅबेज यांनी त्याचीही तक्रार पोलिसांत केली असती, यात शंका नाही!

परंतु त्यांचा स्वभाव निव्वळ तापट होता, असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्या फरकयंत्राविषयी वाचून स्वीडनमधील शॉइट्झ नावाच्या पितापुत्रांनी स्वतः तसे यंत्र बांधण्यास घेतले आणि १८५३ मध्ये ते पुरेही केले. आपल्याला जे साधले नाही ते दुसऱ्याने साधले, तर मनात असूया उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. बॅबेज यांनी मात्र त्या दोघांचे मुक्तकंठाने कौतुक केले आणि त्यांना सन्मान मिळावा म्हणून स्वतः खटपट केली. मोठ्या मनाचा याहून चांगला पुरावा कोणता?

त्यांनी स्वतः १८४६ ते १८४९ या काळात फरकयंत्राचा नवा, अधिक साधा आराखडा काढला होता. सरकारने तोही स्वीकारला नाही. विश्लेषक यंत्राच्या आराखड्यांत मात्र ते अखेरपर्यंत सुधारणा करीत राहिले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, लंडन येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे आराखड्यांचे ढीग आणि अपुऱ्या यंत्रांचे तुकडे तेवढे उरले. त्या दिवशी कोणालाही वाटले असते, की या माणसाचे आयुष्य व्यर्थ गेले.

परंतु चांगली कल्पना कधी मरत नाही. त्यांचे पुत्र हेन्री हे हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या सैन्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर मायदेशी त्यांनी वडिलांच्या यंत्राचे काही भाग जुळवले आणि त्यांचे नमुने विद्यापीठांना धाडले. त्यांपैकी एक अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात होता. तेथे हॉवर्ड एकन यांच्या दृष्टीस तो पडला, आणि त्यांच्या योजनेने उभारलेला मार्क वन हा प्रचंड संगणक १९४४ मध्ये कामास लागला.

एक प्रश्न मात्र उरलाच होता. बॅबेज यांचे यंत्र खरोखर चालले असते काय? लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने तो सोडविण्याचे मनावर घेतले. डोरॉन स्वेड यांच्या नेतृत्वाखाली तेथील मंडळींनी जुन्या आराखड्यांवरून दुसरे फरकयंत्र उभारले. भाग घडविताना बॅबेज यांच्या काळी जेवढी अचूकता शक्य होती, तेवढीच ठेवावयाची, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. १९९१ साली, बॅबेज यांच्या जन्माला दोनशे वर्षे होत असताना, यंत्राचा गणिती भाग सिद्ध झाला. त्यात सुमारे ४,००० भाग होते. मूठ फिरवली, पितळी चक्रांची रांग लाटेप्रमाणे हलली आणि एकतीस अंकांपर्यंतची उत्तरे बिनचूक आली. २००२ मध्ये छपाईचा भागही पूर्ण झाला आणि तोही चालला. दीड शतकापूर्वी एकट्याने कागदावर केलेला विचार खरा ठरला.

आपले वडीलधारे अंगणात आंब्याची कोय लावतात, ती स्वतःच्या मुखी फळ पडेल म्हणून नव्हे. बॅबेज यांनी लावलेले रोप त्यांच्या हयातीत मोहरले नाही. हाती घेतलेले काम पुरे करावे, सहकाऱ्यांशी जुळवून घ्यावे, या गोष्टी त्यांच्या उणिवांवरून आपण शिकाव्यात. आणि याच्या आत काय आहे, हा त्यांचा बालपणीचा प्रश्न मात्र कधी सोडू नये. संगणकापुढे बसलेल्या प्रत्येक मुलाने तो स्वतःला विचारावा, म्हणजे यंत्र त्याचे धनी न होता चाकर होऊन राहील.